फॉस्फरस पेंटाक्लोराइडचे भौतिक गुणधर्म : बाटलीत एक, वाफेत दुसरं



आजच्या पाठात आपण फॉस्फरस पेंटाक्लोराइड या संयुगाचे भौतिक गुणधर्म पाहणार आहोत. वर्गात आपण सगळेच त्याला ‘पीसीएल फाइव्ह’ म्हणतो. फॉस्फरसचा एक अणू आणि क्लोरीनचे पाच अणू असं त्याचं सूत्र.

अकरावी-बारावीत हे संयुग मुलांना दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणी भेटतं. रासायनिक बंधाच्या पाठात त्याचा आकार येतो. समतोलाच्या पाठात त्याची गणितं येतात. कार्बनी रसायनात अल्कोहोलपासून क्लोराइड बनवताना ते अभिक्रियाकारक म्हणून येतं. प्रत्येक पाठात त्याची एकेक ओळ असते आणि मुलं त्या ओळी सुट्ट्या-सुट्ट्या पाठ करतात. मग मुलांच्या डोक्यात एक चित्र तयार होतं : बाटलीत पिवळसर पांढरी पूड आहे, आणि त्या पुडीत पाच हातांचे छोटे छोटे रेणू एकमेकांना चिकटून बसले आहेत.

हे चित्र चुकीचं आहे, आणि ते का चुकीचं आहे हे समजलं की या संयुगाचे जवळजवळ सगळे गुणधर्म आपोआप लक्षात राहतात. या पाठातून एकच गोष्ट मुलांपर्यंत पोहोचवायची आहे : भौतिक गुणधर्म नुसत्या सूत्राचे नसतात, ते त्या पदार्थाच्या त्या अवस्थेचे असतात. सूत्र एकच असलं तरी घन अवस्थेत आत काय बसलंय आणि वाफेत काय उडतंय, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

१. थोडी ओळख

फॉस्फरस आणि क्लोरीन यांची जोडी जमवली की किती क्लोरीन दिला त्यावर काय बनणार ते ठरतं. क्लोरीन बेताचा असेल तर फॉस्फरस ट्रायक्लोराइड बनतो, म्हणजे एका फॉस्फरसला तीन क्लोरीन. क्लोरीन भरपूर असेल तर ट्रायक्लोराइड आणखी एक क्लोरीनचा रेणू घेतो आणि पेंटाक्लोराइड तयार होतो. ही शेवटची पायरी नीट लक्षात ठेवा, कारण पुढे तीच पायरी उलट्या दिशेने जाताना दिसणार आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये हम्फ्री डेव्ही यांनी हे संयुग बनवलं. त्यात फॉस्फरस आणि क्लोरीन नेमक्या कोणत्या प्रमाणात आहेत, याचं अचूक विश्लेषण १८१६ मध्ये फ्रान्सचे प्येर लुई ड्युलाँग यांनी केलं.

पालकांना वाटेल, या संयुगाचा आपल्याशी काय संबंध? तुमच्या हातातल्या मोबाइलची बॅटरी बघा. लिथियम बॅटरीतल्या द्रावणात लिथियम हेक्झाफ्लोरोफॉस्फेट नावाचा क्षार असतो. कारखान्यात हा क्षार बनवण्यासाठी फॉस्फरस पेंटाक्लोराइड हा कच्चा माल म्हणून वापरला जातो. औषधं आणि रंग बनवणाऱ्या उद्योगातही क्लोरीन जोडण्यासाठी हे संयुग लागतं.

२. गुणधर्मांची यादी

आधी पुस्तकात असते तशी यादी देतो. मग एकेक ओळ उलगडू.

- अवस्था : नेहमीच्या तापमानाला स्फटिकी घन
- रंग : शुद्ध असेल तर पांढरा, बहुतेक वेळा फिकट पिवळसर किंवा हिरवट झाक
- वास : तीव्र, नाकाला झोंबणारा
- रेणुवस्तुमान : २०८.२४
- घनता : सुमारे २.१ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर
- तापवल्यावर : सुमारे १६० अंश सेल्सिअसला संप्लवन, म्हणजे न वितळता सरळ वाफ
- वितळणं : बंद नळीत, स्वतःच्या वाफेच्या दाबाखाली, सुमारे १६७ अंशांना
- विद्राव्यता : कार्बन डायसल्फाइड, कार्बन टेट्राक्लोराइड यांत विरघळतो
- पाण्यात : जोरदार अभिक्रिया
- दमट हवेत : पांढरा धूर

आता या यादीतली प्रत्येक ओळ वाचताना मुलांना एकच प्रश्न विचारायला लावा : “हे बाटलीतल्या पुडीबद्दल चाललंय की वाफेबद्दल?”

३. रंग आणि वास : हा रंग कोणाचा?

शुद्ध पेंटाक्लोराइड पांढरा असतो. मग पुस्तकात ‘फिकट पिवळा’ का लिहितात? कारण बाटलीतल्या नमुन्यात थोडासा मोकळा क्लोरीन असतो, आणि क्लोरीनचा रंग हिरवट पिवळा. म्हणजे जो रंग आपण पेंटाक्लोराइडच्या नावावर टाकतो, तो बऱ्याच वेळा त्याच्यातून सुटलेल्या क्लोरीनचा असतो.

वासाचंही तसंच. बाटलीचं झाकण उघडलं की हवेतलं बाष्प पुडीला लागतं आणि हायड्रोजन क्लोराइड वायू तयार होतो. नाकाला झोंबतो तो मुख्यतः हा वायू. (हा वास घेऊन बघायचा नाही, हे मुलांना स्पष्ट सांगा. सुरक्षिततेबद्दल पुढे लिहिलं आहे.)

बंद काचेच्या नळीत ही पूड तापवली तर वाफ हळूहळू जास्त हिरवट-पिवळी होत जाते. ट्रायक्लोराइडला रंग नाही, पेंटाक्लोराइडच्या वाफेलाही सांगण्यासारखा रंग नाही. मग हिरवटपणा वाढतोय याचा अर्थ काय? आत क्लोरीन वाढतोय! नुसत्या डोळ्यांनी दिसणारा हा पुरावा आहे की तापवल्यावर संयुग फुटतंय.

४. संप्लवन : कापूर, नवसागर आणि पेंटाक्लोराइड

संप्लवन शिकवताना आपण पहिलं उदाहरण कापराचं देतो. देवघरातल्या डबीतला कापूर काही दिवसांनी बारीक होतो, पण डबीत पाणी साचलेलं नसतं. कापराच्या घनात जे रेणू असतात, तेच रेणू हवेत जातात. रेणू बदलत नाही, फक्त जागा बदलतो. हे साधं, सरळ संप्लवन.

दुसरं उदाहरण नवसागराचं, म्हणजे अमोनियम क्लोराइडचं. शाळेत मीठ आणि नवसागर यांचं मिश्रण तापवून, वर उलटं नरसाळं ठेवून ते वेगळं करण्याचा प्रयोग आपण करतो. ज्यांनी लहानपणी गल्लीत कल्हईवाला पाहिलाय, त्यांना तर नवसागर विसरताच येणार नाही. तापलेल्या पितळी पातेल्यात तो नवसागराची चिमूट टाकायचा, भसकन पांढरा धूर निघायचा, आणि मग कथील फिरवून पातेलं चकाकायला लागायचं. तिथे काय होत होतं? घन नवसागरात अमोनियम आणि क्लोराइड असे आयन असतात. उष्णता मिळताच त्यांतून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड हे दोन वेगळे वायू सुटतात. त्यातला हायड्रोजन क्लोराइड भांड्यावरचा ऑक्साइडचा थर साफ करतो. वर गार हवेत उरलेले दोन्ही वायू पुन्हा भेटतात आणि त्यांचा परत नवसागर होतो. तोच तो पांढरा धूर.

म्हणजे बाहेरून दोन्ही ‘संप्लवन’ सारखीच दिसतात : घन गेला, वाफ झाली, गार झाल्यावर परत घन. आतली गोष्ट मात्र निराळी आहे. कापूर तसाच उडतो. नवसागर फुटून उडतो आणि परत जुळतो.

आता पेंटाक्लोराइड कुठे बसवायचा? तो या दोघांच्या मधला आहे. सुमारे १६० अंशांना त्याची वाफ होते. त्या वाफेत काही रेणू अख्खे असतात, काही फुटून ट्रायक्लोराइड आणि क्लोरीन झालेले असतात. तापमान वाढवत गेलं की फुटलेल्यांची संख्या वाढते, गार केलं की ते परत जुळतात. उष्णतेने होणाऱ्या अशा उलटसुलट फुटण्याला विचरण म्हणतात. शब्दांत समीकरण असं :

पेंटाक्लोराइड ⇌ ट्रायक्लोराइड + क्लोरीन

ही तीच पायरी आहे, जी आपण ओळखीत पाहिली. तिथे ती पुढे जात होती, इथे मागे येते आहे.

कापूर, नवसागर, पेंटाक्लोराइड अशी तीन उदाहरणं फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. ‘संप्लवन’ हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टी झाकू शकतो, हे मुलांना चटकन कळतं.

५. वाफेचं वजन : एका कोड्याची गोष्ट

आता या पाठातला सगळ्यात रंजक भाग. अव्होगाड्रो यांनी १८११ मध्ये सांगितलं की समान तापमान आणि समान दाब असताना वायूंच्या समान आकारमानात रेणूंची संख्या समान असते. याचा अर्थ, एखाद्या वायूचं वजन तेवढ्याच हवेच्या वजनाशी ताडून पाहिलं की त्याचं रेणुवस्तुमान काढता येतं. या गुणोत्तरालाच बाष्पघनता म्हणतात. (काही पुस्तकांत ती हवेऐवजी हायड्रोजनच्या तुलनेत काढतात. पद्धत तीच.)

पेंटाक्लोराइडचं रेणुवस्तुमान २०८.२४ आणि हवेचं सरासरी सुमारे २९. म्हणजे त्याची वाफ हवेच्या सुमारे ७.२ पट जड असायला हवी.

फ्रान्सच्या ऑग्युस्त काउर यांनी १८४० च्या दशकात प्रत्यक्ष मोजमाप केलं. त्यांचे काही आकडे बघा :

- १८२ अंशांना : ५.०८
- २०० अंशांना : ४.८५
- २३० अंशांना : ४.३०
- २५० अंशांना : ३.९९
- ३०० अंशांना : ३.६५

एकही आकडा ७.२ च्या आसपास नाही! शिवाय तापमान वाढेल तसा आकडा घसरतोय, आणि शेवटी ३.६ च्या जवळ येऊन थांबतोय. ३.६ म्हणजे ७.२ च्या बरोबर निम्मे.

त्या काळात हे मोठं संकट होतं. नवसागराची वाफही अशीच ‘हलकी’ निघत होती. अव्होगाड्रोंचं म्हणणं ज्यांना पटत नव्हतं, त्यांना हे आयतं कोलीत मिळालं. ते म्हणत, समान आकारमानात समान रेणू असतील तर ही संयुगं का बसत नाहीत?

उत्तर १८५७-५८ च्या सुमारास कानिझारो, केकुले आणि कॉप यांनी सुचवलं : वाफ हलकी नाही, वाफ फुटलेली आहे. एका रेणूचे दोन रेणू झाले की तेवढंच वजन दुप्पट जागेत पसरतं आणि बाष्पघनता निम्मी होते. नियम चुकलेला नव्हता. आपण ज्याला एक पदार्थ समजत होतो, तो त्या तापमानाला तीन पदार्थांचं मिश्रण होता.

पण नुसतं सुचवून भागत नाही, पुरावा लागतो. १८६३ मध्ये वँक्लिन आणि रॉबिन्सन यांनी विसरणाची युक्ती वापरली. हलका वायू जड वायूपेक्षा लवकर पसरतो. क्लोरीनचं रेणुवस्तुमान ७१, ट्रायक्लोराइडचं सुमारे १३७. ग्रॅहॅमच्या नियमाने क्लोरीन सुमारे १.४ पट वेगाने पसरायला हवा. वाफ खरोखर फुटलेली असेल तर क्लोरीन पुढे निघून जाईल आणि मागे ट्रायक्लोराइड उरेल. तसंच झालं.

मग १८७३ मध्ये वुर्ट्झ यांनी उलट बाजूने पाहिलं. त्यांनी पेंटाक्लोराइडची वाफ ट्रायक्लोराइडच्या वाफेत मिसळून मोजली. ट्रायक्लोराइड आधीच भरपूर असेल तर समतोल मागे सरकतो आणि पेंटाक्लोराइड फुटायला कुरकुर करतो. या वेळी बाष्पघनता अपेक्षित ७.२ च्या जवळ आली. एकाने फुटल्याचं दाखवलं, दुसऱ्याने फुटणं थांबवून दाखवलं. कोडं सुटलं.

गणित कसं शिकवायचं? सूत्र नंतर द्या, आधी १०० रेणू मोजा. समजा २५० अंशांना १०० पैकी ८० रेणू फुटले. उरले २० अख्खे, तयार झाले ८० ट्रायक्लोराइड आणि ८० क्लोरीन. एकूण १८०. म्हणजे रेणू १.८ पट झाले, तर बाष्पघनता ७.२ भागिले १.८, म्हणजे ४.०. काउर यांचा आकडा ३.९९! मुलं हे स्वतः करतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते बघण्यासारखं असतं. पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा मोजलेला आकडा आपल्या वहीत जुळतो, ही साधी गोष्ट नाही.

६. घन अवस्थेत आत काय आहे?

आता बाटलीतल्या पुडीकडे वळू. १९४२ मध्ये क्लार्क, पॉवेल आणि वेल्स यांनी क्ष-किरणांनी या स्फटिकाची रचना तपासली. आत पाच क्लोरीनवाला रेणू सापडलाच नाही! सापडले ते दोन प्रकारचे आयन :

- एका फॉस्फरसला चार क्लोरीन : धन आयन, आकार चतुष्फलक
- एका फॉस्फरसला सहा क्लोरीन : ऋण आयन, आकार अष्टफलक

दोन रेणूंनी आपसात व्यवहार केलाय असं समजा. एकाने आपला एक क्लोरीन, क्लोराइड आयनाच्या रूपात, दुसऱ्याला दिला. देणारा चारवर आला आणि धनप्रभारित झाला. घेणारा सहावर गेला आणि ऋणप्रभारित झाला. चार अधिक सहा दहा, भागिले दोन, पाच. सरासरी सूत्र तेच राहिलं, म्हणून नुसत्या रासायनिक विश्लेषणातून हे कधीच कळलं नसतं.

असं का होतं? पाच हातांची रचना घट्ट रचायला अडचणीची असते. चतुष्फलक आणि अष्टफलक हे जास्त सममित आकार आहेत, आणि विरुद्ध प्रभार असल्यामुळे ते एकमेकांना ओढूनही धरतात. स्फटिकाला हा सौदा फायद्याचा पडतो.

इथे हुशार मुलं एक प्रश्न हमखास विचारतात : “सर, आयनिक आहे तर मिठासारखं ८०१ अंशांना का वितळत नाही? १६० ला लगेच वाफ कशी होते?” प्रश्न अगदी रास्त आहे. मिठातल्या आयनांना वाफ व्हायला एकमेकांच्या प्रचंड ओढीतून सुटावं लागतं, त्यांना पळवाट नाही. पेंटाक्लोराइडला पळवाट आहे. सहावाला आपला क्लोरीन चारवाल्याला परत देतो, दोघेही पाच-पाचचे उदासीन रेणू होतात आणि हात सोडून उडून जातात. घन आयनिक, वाफ रेणूंची. संप्लवनाच्या त्या क्षणी आतला माणूसच बदललेला असतो, म्हणा ना!

आणखी एक गंमत सांगा. फॉस्फरस पेंटाब्रोमाइडचा घनही आयनिकच, पण तिथे चार ब्रोमीनवाला धन आयन आणि एकटा ब्रोमाइड आयन असतो. ब्रोमीनचे अणू मोठे. सहा ब्रोमीन एका छोट्या फॉस्फरसभोवती दाटीवाटीने बसणं अवघड. म्हणून शेजारच्या संयुगाची रचना बघून ‘हेही तसंच असेल’ असं धरून चालायचं नाही.

७. वाफेतल्या रेणूचा आकार

आता पुस्तकातल्या त्या प्रसिद्ध आकृतीकडे येऊ. त्रिकोणी द्विपिरॅमिड हा आकार खरा आहे, पण तो वाफेतल्या आणि अध्रुवीय द्रावकात विरघळलेल्या रेणूचा. आकृतीखाली ‘वाफ अवस्था’ एवढे दोन शब्द मुलांनी वहीत लिहिले तरी अर्धा गोंधळ संपतो.

या रेणूत मधल्या पातळीत तीन क्लोरीन एकमेकांशी १२० अंशांचा कोन करतात. एक वर, एक खाली असे दोन क्लोरीन त्या पातळीशी ९० अंशांत उभे असतात. मधले तीन बंध सुमारे २०२ पिकोमीटर लांब, वरचा-खालचा सुमारे २१४. हे दोन बंध लांब का? कारण वरच्या क्लोरीनला तीन शेजारी ९० अंशांवर खेटून आहेत, तर मधल्याला असे जवळचे शेजारी दोनच. जास्त रेटा, जास्त लांबी. लांब बंध म्हणजे कमकुवत बंध, आणि असे कमकुवत बंध असलेला रेणू तापवल्यावर सहज फुटतो. आकार आणि विचरण यांचा धागा इथे जुळतो.

रेणू पूर्ण सममित असल्यामुळे सगळ्या बाजूंची ओढ एकमेकींना रद्द करते आणि त्याची द्विध्रुव आघूर्ण शून्य होते. ट्रायक्लोराइडचं तसं नाही. त्याच्या फॉस्फरसवर इलेक्ट्रॉनांची एक एकाकी जोडी बसलेली असते, रेणू छत्रीसारखा दिसतो, कोन सुमारे १०० अंशांचे, आणि तो थोडासा ध्रुवीय असतो.

द्रावकाचाही परिणाम बघा. कार्बन टेट्राक्लोराइडसारख्या अध्रुवीय द्रावकात पेंटाक्लोराइड आयन न होता रेणूरूपात राहतो. नायट्रोबेंझीनसारख्या ध्रुवीय द्रावकात मात्र त्याचे आयन होतात आणि द्रावणातून वीज वाहते. सूत्र एकच, पण घर बदललं की वागणं बदलतं.

८. भावंडांशी तुलना

फॉस्फरसची तीन हॅलोजनवाली संयुगं एका रांगेत लावली तर क्रम सुंदर दिसतो :

- ट्रायफ्लोराइड : रंगहीन वायू, उत्कलनांक शून्याखाली सुमारे १०१ अंश
- ट्रायक्लोराइड : रंगहीन द्रव, उत्कलनांक सुमारे ७६ अंश
- ट्रायब्रोमाइड : रंगहीन द्रव, उत्कलनांक सुमारे १७३ अंश
- ट्रायआयोडाइड : लाल घन, सुमारे ६१ अंशांना वितळतो

रेणू जितका मोठा आणि जड, तितकी रेणूंमधली ओढ जास्त. वायू, द्रव, द्रव, घन अशी पायरी-पायरीने वाट जाते. आता याच नियमाने कोणी म्हणेल, ‘पेंटाक्लोराइड ट्रायक्लोराइडपेक्षा जड आहे म्हणून घन आहे.’ हे अर्धंच उत्तर झालं. पेंटाक्लोराइड घन असण्यामागे त्याच्या आयनिक रचनेचा मोठा वाटा आहे. पेंटाफ्लोराइड बघा : त्यातही पाच हॅलोजन आहेत, पण तो आयन करत नाही आणि नेहमीच्या तापमानाला रंगहीन वायूच असतो.

९. ‘पाण्यातली विद्राव्यता’ हा रकाना

तक्ता भरताना मुलं या रकान्यात ‘विद्राव्य’ लिहून मोकळी होतात. पण साखर पाण्यात विरघळते म्हणजे पाणी आटवलं की साखर परत मिळते. पेंटाक्लोराइड परत मिळत नाही. थोडं पाणी मिळालं तर आधी फॉस्फरस ऑक्सिक्लोराइड आणि हायड्रोजन क्लोराइड तयार होतात. भरपूर पाणी असेल तर शेवटी फॉस्फोरिक आम्ल आणि हायड्रोक्लोरिक आम्ल उरतं. एका रेणूमागे हायड्रोजन क्लोराइडचे पाच रेणू, आणि उष्णताही बरीच. म्हणून त्या रकान्यात ‘अभिक्रिया होते’ असंच लिहायला लावा. पाण्यातली विद्राव्यता हा या संयुगाचा भौतिक गुणधर्म होऊच शकत नाही.

१०. वर्गात काय करावं, काय करू नये

हे जरा कळकळीने लिहितो. प्रयोगशाळेच्या कपाटात याची जुनी बाटली असेल, तर ‘मुलांना धूर दाखवू’ म्हणून ती वर्गात उघडू नका. डोळे, त्वचा आणि श्वसनमार्ग यांना ही पूड आणि तिचा धूर गंभीर इजा करू शकतात. पावसाळ्यातल्या दमट हवेत तर झाकण उघडताच धूर सुरू होतो. जुन्या बाटलीत दाब साठलेला असू शकतो. पूड सांडली तर तिच्यावर पाणी ओतायचं नाही, माणसं दूर करायची आणि जाणकाराला बोलवायचं. त्वचेवर उडाली तर मात्र लगेच झटकून, भरपूर वाहत्या पाण्याने बराच वेळ धुवायचं आणि दवाखाना गाठायचा. ट्रायक्लोराइड तर याहून घातक आहे. ही दोन्ही संयुगं रासायनिक शस्त्रबंदी कराराच्या तिसऱ्या अनुसूचीत आहेत, यावरून काय ते समजा.

मग दाखवायचं काय? भरपूर काही आहे :

- फुगे : सारखे फुगवलेले चार फुगे देठाशी बांधा, चतुष्फलक होतो. पाच बांधा, त्रिकोणी द्विपिरॅमिड होतो. सहा बांधा, अष्टफलक. फुगे आपली जागा आपणच शोधतात. पाचच्या दोन मॉडेलांपैकी एकातला फुगा काढून दुसऱ्याला जोडा, घन अवस्था तयार!
- बटाटा आणि टूथपिक : घरी करण्यासारखं. पालकांनी मुलांना ९० आणि १२० अंशांचे कोन मोजायला लावावेत.
- नवसागर : शाळेतला नेहमीचा प्रयोग, पण फक्त चिमूटभर, खिडक्या उघड्या ठेवून आणि शिक्षकांच्या समोर.

११. स्वाध्याय

१) २०० अंशांना पेंटाक्लोराइडची बाष्पघनता (हवेच्या तुलनेत) ४.८५ आहे. शेकडा किती रेणू फुटले?
उत्तर : ७.२ भागिले ४.८५ म्हणजे सुमारे १.४८. रेणू १.४८ पट झाले, म्हणून सुमारे ४८ टक्के.

२) बंद भांड्यात आधीच क्लोरीन भरलेला असेल तर विचरण वाढेल की कमी होईल?
उत्तर : कमी होईल. क्लोरीन जास्त असल्याने समतोल पेंटाक्लोराइडकडे सरकतो.

३) तापमान तेच ठेवून दाब वाढवला तर?
उत्तर : विचरण कमी होईल, कारण दाबाखाली कमी रेणूंची बाजू सरस ठरते.

४) “घन पेंटाक्लोराइडचा आकार त्रिकोणी द्विपिरॅमिड असतो.” चूक की बरोबर? कारण द्या.
उत्तर : चूक. तो आकार वाफेतल्या रेणूचा. घनात चतुष्फलकी धन आयन आणि अष्टफलकी ऋण आयन असतात.

५) कापूर आणि पेंटाक्लोराइड यांच्या संप्लवनातला फरक दोन वाक्यांत लिहा. (हे उत्तर मुलांनाच लिहू द्या.)

१२. जाता जाता

पालकांनो, तुमच्या मुलाला सगळे आकडे पाठ असतील तर कौतुक आहेच. पण एकदा एवढंच विचारून बघा, “हा आकडा घनाचा की वाफेचा?” मूल थांबून विचार करायला लागलं, तर समजा पाठ शिकवून झाला. आणि शिक्षक मित्रांनो, पुढच्या वेळी फळ्यावर ती पाच हातांची आकृती काढाल, तेव्हा खाली कोपऱ्यात ‘वाफ’ एवढं लिहायला विसरू नका.

हा पाठ वर्गात घेतला तर मुलांनी काय प्रश्न विचारले ते जरूर कळवा.